पडद्यावरचा पैलवान आणि जवळचा पेच

 

आज मी तुमच्याशी एका पैलवानाविषयी बोलणार आहे. हा पैलवान तुम्हाला कोणत्याही तालमीत भेटायचा नाही. तो राहतो संगणकाच्या पडद्यावर. त्याचे नाव झांगीफ. 'स्ट्रीट फायटर' नावाचा जो मारामारीचा खेळ मुले खेळतात, त्यातला हा एक गडी. तुम्ही म्हणाल, मास्तरांना उतारवयात हे काय सुचले? जरा धीर धरा. गोष्ट कुस्तीचीच आहे, आणि थोडी आपल्या वर्गाचीही आहे.

मागच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा नातू सुटीला आमच्याकडे आला होता. वय वर्षे चौदा. बरोबर त्याचा आतेभाऊ. तो दोन वर्षांनी मोठा, आणि हातापायाने व बोलण्यानेही चपळ. दुपारी ऊन तापले की दोघे सोप्यात संगणक मांडून बसत. चार-पाच दिवस मी नुसता आवाज ऐकत होतो. एका दुपारी धाकट्याने हातातला जॉयस्टिक गादीवर आपटला आणि डोळे पुसत तो बाहेर आला.

मी विचारले, "काय झालं रे?"

म्हणाला, "आजोबा, सलग अकरा डाव हरलो. माझा गडीच बाद आहे. आणि दादा म्हणतो, मंद पोरानं मंद गडी निवडलाय."

हे वाक्य मला लागले. का लागले ते शेवटी सांगेन. त्या वेळी मी एवढेच म्हटले, "चल, दाखव मला तुझा गडी. बाद आहे का नाही, ते पारखून बघू." लहानपणी चार वर्षे मी गावच्या तालमीतली माती अंगाला लावली आहे. पैलवान पारखणे मला अगदीच अपरिचित नव्हते.

आधी खेळ कसा असतो ते पाहू. जपानमधल्या ओसाका शहरी कॅपकॉम नावाची कंपनी आहे. तिने १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ काढला. त्या काळी तो कपाटाएवढ्या यंत्रावर, नाणे टाकून खेळत. आता तोच जुना खेळ घरच्या संगणकावर मिळतो, आणि त्या मालिकेतला सहावा खेळ २०२३ साली निघाला आहे. याला केवळ पोरखेळ समजू नका. २०२३ साली चीनमधल्या हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत या मालिकेतल्या पाचव्या खेळासाठी पदक ठेवले होते. सुवर्णपदक जिंकले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, आणि त्यांचे वय होते ४४ वर्षे.

खेळणारे दोन. प्रत्येकाच्या हाती दिशा देणारी एक दांडी आणि सहा बटणे. तीन बटणे ठोशांची, तीन लाथांची. हलका, मध्यम आणि जड असे त्यांचे प्रकार. दांडी प्रतिस्पर्ध्याच्या उलट बाजूला ओढून धरली की गडी अंग चोरून मार अडवतो. याला आपण 'बचाव' म्हणू. पडद्यावर प्रत्येकाच्या नावे जिवाची एक पट्टी असते. ती संपली की गडी चीत. एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

निवडायला आठ गडी. त्यांत भारताचा म्हणून धालसिम नावाचा योगी आहे. त्याचे हातपाय रबरासारखे लांबतात आणि तो तोंडातून आग फुंकतो. अमेरिकेचा गाइल नावाचा सैनिक लांबूनच हवेचे झोत फेकतो. आतेभावाचा गडी तो हाच. आणि आमच्या नातवाचा झांगीफ हा सोव्हिएत संघाचा मल्ल. गंमत पाहा, खेळ निघाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. पैलवान मात्र तांबडा जांघ्या घालून अजून उभाच आहे.

अंगाने हा डोंगर. चालणे संथ. लांबून फेकायला जवळ काही नाही. पण त्याच्याकडे एक पकड आहे. दांडी पूर्ण गोल फिरवायची आणि ठोशाचे बटण दाबायचे. झांगीफ समोरच्याला कवेत घेतो, उंच उडतो, आणि गरगर फिरत त्याला खाली डोके वर पाय असा जमिनीवर आपटतो. बचावाने ही पकड अडत नाही. पट्टीचा मोठा तुकडा एका दमात जातो.

नातवाने मला सगळ्यांत आधी हीच पकड दाखवली, आणि मोठ्या अभिमानाने दाखवली. मग मी त्याला आतेभावाशी खेळायला लावले आणि मागे बसून पाहू लागलो. पोरगा कसाबसा जवळ जाई आणि पकड लावी. पुन्हा जवळ जाई, पुन्हा पकड. आतेभाऊ शांतपणे उडी मारी. हवेत असलेल्या गड्याला ही पकड लागत नाही. झांगीफची पकड हुकत असे. मग वरून खाली येताना आतेभाऊ त्याला सणसणीत लाथ घाली.

मला आमचे वस्ताद आठवले. माझी ढाक बरी बसायची, म्हणून प्रत्येक कुस्तीत मी ढाकच लावायला जायचो आणि पडायचो. एक दिवस वस्तादांनी जवळ बोलावून सांगितले, "आरं, तुझी ढाक आता गावाला ठावं झाली. ती मारू नगंस. नुसती दाव." मी तसे केले. मानेवर हात टाकून ढाकेचा आव आणला की समोरचा अंग ताठ करून मागे ओढायचा. तेवढ्यात त्याचे पाय उघडे पडायचे आणि एकेरी पट निघायचा. ढाक न मारताच ढाकेने काम केलेले असायचे.

आपल्या मराठीत 'पेच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कुस्तीतला डाव, तोही पेच. आणि काय करावे ते कळेनासे होऊन माणूस अडकतो, तोही पेच. जवळच्या लढतीचे मर्म या दोन अर्थांच्या जोडीत आहे. नुसत्या ताकदीने समोरचा अडकत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा असाव्यात, दोन्ही वाटांवर आपला धाक असावा, आणि कोणती धरावी हे त्याला ठरवता येऊ नये, तेव्हा तो अडकतो. खेळणारी मुले याला इंग्रजीतून 'मिक्सअप' म्हणतात. आपल्याला हुलकावणी म्हणता येईल.

तेव्हा झांगीफला पारखताना मी नातवाला चार प्रश्न विचारले. कोणताही गडी घ्या, हेच प्रश्न लागू पडतील.

पहिला प्रश्न: बचाव मोडणारे याच्याजवळ काय आहे, आणि ते येताना दिसते का? या खेळात पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे सरकतात. काही दिसले आणि आपला हात हलला, यात चांगल्या चपळ माणसाचाही सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा जातो. म्हणजे १२ ते १५ चित्रे. झांगीफची पकड त्याच्या आतच लागते. ती पाहून मग उडी मारू म्हटले तर उशीर झालेला असतो. म्हणजे समोरच्याला ती आधीच ताडावी लागते. जे बघून अडवता येते तो नुसता मार. जे ताडावे लागते तो पेच. या प्रश्नाला झांगीफ पैकीच्या पैकी गुण घेऊन उतरला.

दुसरा प्रश्न: या पकडीला जोडीदार कोण? इथे नातू गप्प झाला. मी म्हटले, "तो हलका ठोसा कशाला आहे?" तो म्हणाला, "त्यानं काय होतंय आजोबा, टिचकीएवढा मार आहे." अरे, टिचकीच हवी आहे! समोरचा टिचकी अडवतो, पण अडवण्यासाठी त्याला जागेवर थांबावे लागते. तो अडवत असतानाच पकड लावली तर ती लागत नाही. क्षणभर दम धरायचा आणि मग लावायची. तो क्षणभर त्याच्या मनात काय चालते पाहा. पुन्हा टिचकी येईल का? का आता पकड? टिचकी येणार म्हणून बचाव धरून बसला, तर पकडीत सापडतो. पकड येणार म्हणून उडायला गेला, तर पाय सुटतानाच टिचकी लागते.

टिचकीचा आणखी एक उपयोग आहे. दांडी गोल फिरवताना ती वरच्या दिशेनेही जाते, आणि गडी मोकळा उभा असेल तर तो तेवढ्यात उडीच मारतो. म्हणून हलक्या ठोशाचा हात अजून परत येत असतानाच दांडी फिरवून घ्यायची. टिचकीच्या आड पकडीची तयारी लपते. याशिवाय झांगीफ उडी मारून समोरच्याच्या अंगावर पालथा पडतो. नेमक्या अंतरावरून उडाला तर तो पुढून पडतो का पाठीमागून, ते कळत नाही. बचाव तर उलट बाजूला दांडी ओढून करायचा असतो. बाजूच कळली नाही तर ओढायची कुठे? पालथी उडी, मग टिचकी, मग पकड किंवा पुन्हा टिचकी: ही झांगीफची जुनी, नावाजलेली माळ आहे.

तिसरा प्रश्न: चुकले तर किंमत किती? पकड हुकली की झांगीफ क्षणभर उघडा पडतो. किंमत जबर आहे. टिचकी अडवली गेली तर मात्र फारसे काही बिघडत नाही.

चौथा प्रश्न: साधले तर पुढे काय? पकड बसल्यावर समोरचा आडवा होतो. तो उठेपर्यंत झांगीफला आपली जागा धरायला सवड मिळते. समोरचा पडद्याच्या कडेला, कोपऱ्यात सापडला असेल तर त्याला मागे सरकायलाही जागा नसते. म्हणजे एका पेचातून दुसरा पेच निघतो.

आता शिक्षकांसाठी थोडे गणित. मी ते त्या दुपारी सोप्यातल्या फरशीवर खडूने मांडले होते. आकडे खेळातले नव्हेत, समजुतीसाठी घेतलेले आहेत. समोरच्याने बचाव धरला आणि पकड लागली, तर झांगीफला ३ गुण. पकड लावली आणि समोरचा उडाला, तर झांगीफचे ३ गुण गेले. टिचकी मारली आणि समोरच्याने अडवली, तर शून्य. टिचकी मारली आणि समोरचा उडताना सापडला, तर झांगीफला २ गुण.

समजा झांगीफ ८ वेळा जवळ पोचला. नातवासारखी ६ वेळा पकड आणि २ वेळा टिचकी केली, तर समोरचा सरळ आठही वेळा उडेल. झांगीफचे १८ गेले, ४ आले. १४ गुणांचा तोटा. बरे, भिऊन आठही वेळा टिचकीच मारली, तर समोरचा निवांत बचाव धरून बसेल. हाती शून्य. आता २ वेळा पकड आणि ६ वेळा टिचकी करून पाहा. समोरचा आठही वेळा बचाव धरील, तर पकडीचे ६ गुण. आठही वेळा उडेल, तर ६ गेले आणि १२ आले. पुन्हा ६ गुण! त्याने काहीही केले तरी झांगीफचे ६ गुण ठरलेले. मात्र त्या दोन पकडी नेमक्या केव्हा येणार, ते त्याला कळता कामा नये.

पाहिलेत मंडळी? ज्या पकडीवर साऱ्या गड्याचा लौकिक, ती चारांत एकदाच वापरायची. बाकीच्या तीन वेळा तिची भीती काम करते.

आणखी एक पायरी चढू. उद्या कोणी म्हणाले, पकडीची ताकद दुप्पट करा, ३ ऐवजी ६ गुण. मग हिशेब ११ पैकी २ वेळा पकड असा येतो, आणि ११ खेपांत १२ गुण मिळतात. त्याऐवजी टिचकीची ताकद दुप्पट केली, २ ऐवजी ४ गुण? मग १० पैकी ४ वेळा पकड लावता येते, आणि १० खेपांतच १२ गुण मिळतात. दोन्ही वेळा बचावाचा आणि उडीचा हिशेब करून पाहा, सारखाच येईल. म्हणजे टिचकी सुधारली तर पकड अधिक वेळा लावता येते, आणि एकूण कमाईही जास्त होते. म्हणून गडी पारखताना मोठ्या डावापाशी थांबू नये. त्याचा लहान डाव कसा आहे ते विचारावे.

खऱ्या खेळात तिसरी वाटही असते. गाइलकडे उलटी कोलांटी घेत मारायची एक लाथ आहे. दांडी थोडा वेळ खाली दाबून धरली की ती मारता येते, आणि ती पकडीलाही छेद देते. तेव्हा अधूनमधून झांगीफने काहीच न करता नुसता बचाव धरावा. ती लाथ हवेत जाऊ द्यावी आणि तो खाली आला की गाठावा. काहीच न करणे हाही एक डाव आहे, हे कुस्तीत खडाखडीला उभे राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता निकाल. झांगीफ बाद आहे का? जवळच्या लढतीत तो अव्वल आहे, यात मला शंका उरली नाही. पण खोटी भलावण करणार नाही. जवळ पोचणे हेच त्याचे खरे दुखणे आहे. गाइलचे झोत एकामागून एक येत असतात. दोन्ही हात पसरून गरगर फिरले की झोत अंगावरून निघून जातो, पण तेव्हा पाय उघडे राहतात आणि समोरचा खाली बसून लाथ घालतो. धालसिमसारखा लांब हातांचा गडी तर जवळ येऊच देत नाही. मी नातवाला म्हटले, "तुझ्या हरण्याचा अर्धा दोष तुझ्या गड्याच्या पायांचा आहे, तो मान्य कर. पण एवढ्या कष्टानं जवळ गेल्यावर तू जे करतोस, तो अर्धा दोष तुझा आहे. तेवढा तुझ्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी दहा डाव झाले. सहा हरला, चार जिंकला. जिंकण्यापेक्षा मला दुसरेच काही पाहायला मिळाले. झांगीफ जवळ आला की आतेभाऊ आता थबकायचा. आदल्या दिवशी तो विचार न करता उडत होता. आज त्याला ठरवता येत नव्हते. संध्याकाळी त्याने आपण होऊन धाकट्याला विचारले, "ती टिचकी मारून तू किती वेळ थांबतोस रे?" 'मंद' हा शब्द पुन्हा काही निघाला नाही.

आता तो शब्द मला का लागला ते सांगतो. ३४ वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना 'मंद' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. त्यांतला एक मुलगा अजून डोळ्यांपुढे येतो. प्रश्न विचारला की तो बराच वेळ उभा राहायचा. मी वाट न पाहता पुढच्याकडे बोट करायचो. क्वचित कधी थांबलो, तर त्याचे उत्तर असे यायचे की त्यात भर घालायला मला काही उरत नसे. तो किती संथ येतो एवढेच मी पाहिले. पोचल्यावर काय करतो ते पाहिले नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. घर दोन गल्ल्यांपलीकडे होते, पण मी विचारायला गेलो नाही.

खेळ किती वेळ खेळावा, डोळ्यांना किती ताण द्यावा, हा निराळा विषय आहे. त्यावर घरोघरी बोलणे चालूच असते. माझे मागणे लहान आहे. तुमच्या घरी मुले असा खेळ मांडून बसली, तर पाव तास शेजारी बसा. "तुझा गडी जवळ गेल्यावर काय करतो?" एवढेच विचारा. गुरुजनहो, तो आठ खेपांचा हिशेब फळ्यावर मांडा आणि उत्तर मुलांनाच काढू द्या. मागच्या बाकावरचा एखादा वेळ घेईल. त्याला तो घेऊ द्या.

बराय मंडळी, राम राम.